रात्र कोणाच्या मालकीची?

मुंबईच्या लोअर परळ परिसरात, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात, गेल्या दोन दशकांत जी संगीतगृहे उभी राहिली, त्यांपैकी कोणत्याही एकाचे पुढील महिन्याचे कार्यक्रमपत्रक हाती घ्यावे. गुरुवारी टेक्नो, शुक्रवारी हाउस, शनिवारी ड्रम अँड बेस आणि रविवारी एखाद्या ‘इंडी’ बँडच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचे अनावरण, अशी वारांची वाटणी झालेली असते. दार उघडते रात्री आठ-नऊला. मुख्य कलावंत मंचावर येतो तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते. प्रवेशासाठी वयाची अट असते, हजाराच्या घरातले तिकीट असते आणि पत्रकाच्या तळाशी प्रायोजकांच्या बोधचिन्हांची रांग असते. त्या रांगेत एखादी तरी मद्यनिर्माती कंपनी सापडते.

हे पत्रक वाचून नाक मुरडणे सोपे आहे. आमच्या पिढीने ते पुष्कळ केले आणि त्यातून काहीही साधले नाही. या पत्रकातून टिपण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्यातील वेळ. रात्री दहानंतरची मुंबई, संगीतापुरते बोलायचे तर, आज या पत्रकाच्या ताब्यात आहे. ज्या भूमीने रात्रीच्या प्रत्येक प्रहरासाठी स्वतंत्र राग निर्माण केले, त्या भूमीतील सर्वांत मोठ्या महानगरात मध्यरात्री मालकंस ऐकायला मिळेल असे सार्वजनिक स्थान शोधून सापडत नाही. टेक्नो ऐकायचे असेल तर मात्र निवड करावी लागते. ही स्थिती कशी आली, आणि तिला जबाबदार कोण?

वाद्याशी वैर नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक संगीत परके आहे म्हणून त्याज्य आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. यंत्राला जात नसते आणि देशही नसतो. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला आपल्या दारात उभे केले नाही. परंतु तोवर गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला मराठी रंगभूमीच्या आणि मैफलीच्या अंगणात अशी काही रुजवली होती की, आज देवळातल्या भजनापासून शास्त्रीय गायनापर्यंत ती आपलीच झाली आहे. बाहेरचे घ्यावे, पचवावे आणि आपले करावे ही हिंदू समाजाची जुनी शक्ती आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीतही हेच घडू शकले असते. किंबहुना, त्याची सुरुवात याच मुंबईत झाली होती. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ताल देणारी यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तीत भैरव होता, तोडी होता, यमन होता, ललित आणि मालकंसही होते. त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी अमेरिकेतील शिकागो शहरात ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा जो प्रकार जन्माला आला, त्याच्याशी या ध्वनिमुद्रिकेचे साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक थक्क झाले. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या तरुणांना या मुंबईकराचे नाव कळले. आपल्या घरातील वस्तूवर परदेशाची मोहर उमटल्याखेरीज तिची किंमत आपल्याला कळू नये, या मनोवृत्तीचे याहून बोलके उदाहरण कोणते? सिंग २०१५ मध्ये निवर्तले. गिरणीच्या आवारात नाचणाऱ्या तरुणाईतील किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

तेव्हा वाद यंत्राशी नाही. जी मुले स्वतःची गाणी स्वतः रचतात, स्वतः वाजवतात, चित्रपटाच्या कुबड्या नाकारतात, त्यांच्या जिद्दीशीही नाही. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. मात्र या स्वातंत्र्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चित्रपट कंपनीच्या दावणीतून सुटलेला कलावंत मद्य कंपनीच्या दावणीला बांधला जात असेल, तर स्वातंत्र्य कोणाला मिळाले? पुण्यात २०१० पासून सुरू झालेला ‘एनएच ७ वीकेंडर’ हा या मंडळींचा मोठा महोत्सव. अनेक वर्षे त्याच्या नावाआधी ‘बकार्डी’ हे नाव झळकत होते. दूरचित्रवाणीवर मद्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. मग ती जाहिरात गाण्याच्या आडोशाने तरुणांपर्यंत पोहोचते आणि तिला संस्कृती असे नाव मिळते.

दहाची वेस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम केंद्र शासनाने २००० साली लागू केले. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ‘रात्र’ ठरली आणि त्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी आली. २००२ च्या दुरुस्तीने राज्य शासनांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार मिळाला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवर शिक्कामोर्तब केले.

या नियमांचा पहिला मोठा घाव कोणावर बसला? मद्यगृहांवर नाही. तो बसला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवावर. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव म्हणजे महाराष्ट्राची रात्रशाळाच होती. सतरंज्या, घोंगड्या आणि चहाचे थर्मास घेऊन गावोगावचे रसिक येत. मांडवात हजारो माणसे डिसेंबरच्या थंडीत रात्रभर बसत. सायंकाळी सुरू झालेले स्वर रात्र ओलांडून पहाटेला भिडत. कारकून, शिक्षक, शेतकरी आणि कारखानदार एकाच भारतीय बैठकीवर मांडीला मांडी लावून बसत. पंडितजींच्या गायनाने सांगता होई आणि शेवटी सवाई गंधर्वांची भैरवी ध्वनिमुद्रिकेवरून ऐकून लोक उगवत्या उन्हात घरी जात.

आज महोत्सव चालू आहे, त्याची शिस्तही तशीच आहे. परंतु तो दुपारी सुरू होतो आणि एखाद्या दिवसाची सवलत वगळता रात्री दहाला थांबतो. कायदा पाळणाऱ्या संस्थेने तो पाळलाच पाहिजे. पण आपण काय गमावले, याची मोजदाद तरी करावी. रात्रीचे प्रहर चार. दहाच्या वेशीने त्यांतला जेमतेम सव्वा प्रहर गाणाऱ्याच्या पदरात टाकला. बिहाग कसाबसा वेशीच्या आत येतो. दरबारी, मालकंस, अडाणा हे मध्यरात्रीच्या आसपासचे राग वेशीबाहेर राहिले. सोहनी आणि परज हे उत्तररात्रीचे राग तर पुरते निर्वासित झाले. ललित पहाटेच्या मैफलीत भेटतो; परंतु झोपून, आंघोळ करून, ताजेतवाने होऊन ऐकलेला ललित वेगळा आणि रात्र जागून, तिच्या साऱ्या पायऱ्या चढून गाठलेला ललित वेगळा.

यावर काही आधुनिक मंडळी म्हणतात की, रागाची वेळ हा केवळ संकेत आहे, मालकंस दुपारी चारला ऐकला म्हणून काय बिघडते? कोजागरीचे दूध दुपारी बाराला प्यायल्यानेही पोटात काही बिघडत नाही. पण ती कोजागरी राहत नाही. संकेत हीच तर संस्कृती असते. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून आयुष्यभर देश पालथा घातला आणि रागांची व्यवस्था लावताना त्यांच्या वेळांचीही शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्यांच्याच शहरातील आजची संगीत शिकणारी मुलगी परीक्षेत ‘मालकंस – रात्रीचा तिसरा प्रहर’ असे उत्तर लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. त्या प्रहरी तिने तो कधी ऐकलेला नसतो. ज्ञान पुस्तकात उरले आणि अनुभव हरवला की परंपरेचे संग्रहालय होते.

बंद दाराची सवलत

या नियमांतील एक तरतूद मात्र फारशी चर्चिली जात नाही. बंदी आहे ती उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला. सभागृह, समाजमंदिर, मेजवानीचे दालन अशा बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहील अशा रीतीने, रात्री दहानंतरही ध्वनियंत्रणा वापरता येते. गिरणीच्या आवारातील संगीतगृह चालते ते या सवलतीवर. भिंतींना ध्वनिरोधक आवरण, वातानुकूलन, दारावर पहारा आणि सोबत मद्यविक्रीचा परवाना. मुंबईत अशा परवानाधारकांना रात्री दीडपर्यंत मुभा आहे. उघड्या मैदानावरच्या सनबर्नसारख्या महोत्सवालाही दहाची मर्यादा आहेच. तेथून उठलेला श्रोता मग बंद दाराआड जातो आणि आपली रात्र विकत घेतो.

म्हणजे कायद्याने रात्र बंद केली नाही. तिला भिंत घातली आणि दार बसवले. ज्याच्यापाशी दाराचे मोल आहे, त्याला आत प्रवेश. जे संगीत मैदानात, मांडवात, देवळाच्या सभामंडपात, चाळीच्या पटांगणात राहत होते, ते बाहेर राहिले. शतकानुशतके सर्वांची असलेली रात्र अशा रीतीने विक्रीयोग्य वस्तू झाली. राज्य शासनाने जानेवारी २०२० मध्ये ‘मुंबई २४ तास’ या धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा चर्चा झाली ती मॉल, उपाहारगृहे आणि रोजगार यांची. रात्रीच्या मुंबईत संगीताला, नाटकाला, कीर्तनाला स्थान असावे, हा विचार ‘नाइट लाइफ’च्या त्या गलबल्यात कोठेही ठळकपणे ऐकू आला नाही.

जागा कोणती, तेही पाहावे. ज्या रस्त्यावरून या संगीतगृहांत जावे लागते, त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. याच संस्थेच्या परळच्या दामोदर नाट्यगृहाने गिरणी कामगारांची नाटके, नमन, शक्ती-तुरा यांना दशकानुदशके छप्पर दिले. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून गिरणगावाची रात्रही तीन पाळ्यांत जागी असे. मध्यरात्री पाळी सुटलेला कामगार डबलबारीच्या भजनाला जाऊन बसे आणि उजाडल्यावर खोलीवर परते. कोकणातून आलेल्या त्या माणसाला दशावताराची सवय होती. रात्री रंगलेले नाटक पहाटेच संपायचे हे त्याला सांगावे लागत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे हे जग कोसळले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत शहराला आणि घरांना वाटा देऊ केला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मथुरादास गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले आणि या नव्या रात्रीचा पायंडा पडला. ते २०१६ मध्ये बंद झाले. पायंडा मात्र राहिला. २९ डिसेंबर २०१७ रोजी शेजारच्या कमला मिलमधील दोन पबना लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले, तेव्हा या झगमगाटाखालची बेपर्वाई काही दिवस चर्चेत आली आणि मग विसरली गेली.

चिमणी तीच, भिंती त्याच, रात्रही तीच. फक्त रात्रीचा धनी बदलला.

दोष आपलाही

येथवर वाचून वाचक सुखावला असेल, तर त्याने थोडे थांबावे. कारण या कहाणीतील सर्वांत कडू भाग अजून यायचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम कोणा परकीयाच्या कटातून आले नाहीत. आजारी, वृद्ध, तान्ही बाळे आणि अभ्यास करणारी मुले यांच्या तळमळीतून ते आले, आणि ती तळमळ खरी आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असताना आपल्याच उत्सवांत ध्वनिवर्धकांच्या भिंती कोणी उभ्या केल्या? लोकमान्यांनी ज्या गणेशोत्सवातून लोकशिक्षण घडवले, त्याच उत्सवाच्या मिरवणुकीत ज्याला ‘डीजे’ म्हणतात ते संकट कोणी आणले? छातीत धडकी भरवणारा तो ठोका आणि लोअर परळच्या बंद खोलीतला ठोका, या दोहोंत फरक काय? एक तिकीट लावून वाजतो, दुसरा वर्गणीवर. उलट बंद खोलीतला ठोका शेजाऱ्याची झोप तरी मोडत नाही.

सवलतीचे जे १५ दिवस शासनाच्या हाती आहेत, त्यांतला मोठा वाटा गणेशोत्सव, नवरात्र आणि ३१ डिसेंबर यांना जातो. पहिल्या दोहोंबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण त्या दिवसांत आपण काय ऐकतो? एके काळी गिरगाव-दादरच्या गणेशोत्सवात नामवंत गवयांच्या मैफली होत आणि रस्त्यावर बसून लोक त्या ऐकत. देवीच्या गोंधळाला रात्र लागते, खंडोबाच्या जागरणाला रात्र लागते, एकादशीच्या हरिजागराला, महाशिवरात्रीला रात्र लागते. हिंदू जीवनदृष्टीने रात्रीला केवळ निद्रेचे वा भोगाचे साधन मानले नाही. तिला जागराची योग्यता दिली. संबळ-तुणतुण्याच्या आवाजाने गावाची झोप मोडल्याची तक्रार कोणी केली नाही, कारण तो आवाज माणसाच्या हाताएवढाच मोठा होता आणि गाव स्वतःच जागे असे. आपण त्या हाताच्या जागी यंत्राची भिंत आणली आणि मग कायदा आला. कायद्याने भिंतीला रोखण्याऐवजी मालकंसाला रोखले, हे दुर्दैव. पण निमंत्रण आपले होते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. बंदिस्त सभागृहाची सवलत जशी संगीतगृहाला आहे, तशी ती आपल्यालाही आहे. मग गेल्या दोन दशकांत मुंबई-पुण्यातील किती संगीत मंडळांनी बंद सभागृहात रात्रभराची मैफल नेमाने ठेवली? कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ पासून चालत आली आहे. तिने छपराखाली जाऊन रात्रभर गाण्याची परंपरा सांभाळली. काशीच्या संकटमोचन मंदिरातील संगीत समारोहाने २०२३ मध्ये शंभरावे वर्ष गाठले. हनुमंताच्या दारी कलावंत हजेरी लावतात, तिकीट नसते आणि पहाट होईपर्यंत श्रोते हलत नाहीत. जे कोलकात्याला आणि काशीला जमते, ते भीमसेनांच्या महाराष्ट्राला का जमू नये? उत्तर कायद्यात नाही. आपणच दहाला घड्याळाकडे पाहू लागलो आहोत. रात्र हिरावून घेतली गेली, हे अर्धसत्य आहे. आपण ती सोडून दिली आणि ज्यांना तिचे मोल कळले त्यांनी ती उचलली.

करता येण्याजोगे

तेव्हा कोणाची कार्यक्रमपत्रके फाडण्यात अर्थ नाही आणि कोणाच्या दारासमोर घोषणा देण्यातही नाही. तो मार्ग दुबळ्यांचा असतो. आपले पत्रक तयार करणे हा खरा प्रतिकार.

महानगरपालिकांची नाट्यगृहे आहेत. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व. रात्रीचा प्रयोग संपला की त्यांना कुलूप लागते. महिन्यातून एका शनिवारी यांतील एक नाट्यगृह रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेसाठी, सवलतीच्या भाड्यात, शास्त्रीय आणि लोकसंगीताला द्यावे, ही मागणी प्रत्येक शहरातील संगीत मंडळांनी एकत्र येऊन करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, न्यायालयाची परवानगी लागत नाही. आवाज भिंतीबाहेर जाणार नाही एवढी खबरदारी पुरे. मुंबईत तर अशी मैफल मध्यरात्री संपणाऱ्या मैफलीपेक्षा सोयीची आहे. एकच्या सुमारास शेवटची लोकल निघून जाते आणि चारनंतर पहिली सुटते. अर्ध्या रात्री बाहेर पडणाऱ्याचे हाल होतात. पहाटे बाहेर पडणारा पहिल्या गाडीने अंबरनाथला वा विरारला घरी जातो. जुन्या रसिकांना हे गणित पाठ होते.

दुसरी गोष्ट मंडळांनी करावी. गणेशोत्सवातील सवलतीच्या रात्रींपैकी किमान एक रात्र प्रत्येक मंडळाने ध्वनिवर्धकाच्या भिंतीकडून काढून भजनी मंडळाला, कीर्तनकाराला, तरुण गायक-वादकाला द्यावी. आणि तिसरी गोष्ट पालकांनी. मुलाला शास्त्रीय संगीताच्या वर्गात घालणारा बाप त्याला रात्री दहाला झोपायला पाठवतो, आणि तोच मुलगा विसाव्या वर्षानंतर रात्री दीडला लोअर परळहून परततो, तेव्हा बापाला संस्कृतीची आठवण होते. वर्षातून एकदा त्याला सोबत घेऊन रात्रभर बसावे. त्याला पेंग येईल, येऊ द्यावी. तिसऱ्या प्रहरी दचकून जागा झाल्यावर कानी पडलेला दरबारीचा गंधार तो जन्मभर विसरणार नाही.

गिरणीच्या आवारातील तरुण रात्रभर जागायला तयार आहेत, ही निराशेची नव्हे, आशेची खूण आहे. जागण्याची शक्ती त्यांच्यात आहे. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरून कोण जागे आहे असे विचारते, अशी आपली श्रद्धा आहे. त्या प्रश्नाला आज गिरणीच्या बंद दाराआडून उत्तर येते. आपल्या सभामंडपांतून आणि नाट्यगृहांतून ते कधी येणार, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.